भोकरदनच्या स्टँडसमोरचं नाव

जुना जालना
४ जानेवारी २०२५

चि. नागसेन,
जय भीम.

आधी गोड बातमी. आपल्या अक्षताचं जमलं. मुलगा भोकरदनचा, पुण्याला कंपनीत आहे. त्याचे वडील अण्णासाहेब निवृत्त केंद्रप्रमुख आहेत. माणसं शिकलेली, बोलणं तोलूनमापून. मुलगी पहिल्या भेटीतच पसंत पडली. देणंघेणं काही नको, विहारात साधं लग्न करू म्हणाले. साखरपुडा १६ फेब्रुवारीला, रविवारी, आमच्याकडे. तू तिचा एकुलता एक मामा, म्हणून सगळ्यांच्या आधी तुला कळवते आहे.

आता दुसरी गोष्ट, आणि ती डोकं शांत ठेवून वाच. चहा घेता घेता अण्णासाहेब सहज म्हणाले की भोकरदनच्या स्टँडसमोर एका टपरीच्या पत्र्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, ‘दारू सुटलेल्यांची आणि सोडू बघणाऱ्यांची बैठक. दर बुधवारी संध्याकाळी सात, समाजमंदिर, धावडा. भेटा: नागसेन हिवराळे.’ हिवराळे म्हणजे तुमच्या माहेरचे का कोणी, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, असतील कोणी, आमच्या आडनावाची घरं फार. सत्तावीस वर्षं मुलांना खरं बोला म्हणून शिकवलं आणि सख्ख्या भावाला ओळख दाखवली नाही. मग दिवसभर माझं कशात लक्ष लागलं नाही.

चार वर्षं तू दारूला शिवला नाहीस याचा मला अभिमान आहे. तुला तीनदा रस्त्यावरून उचलून आणणारी मीच होते, तेव्हा ते मला कोणी सांगायला नको. पण बैठक घ्यायला नाव कशाला लागतं? नुसता नंबर ठेव. नाव पुस, एवढंच मागते. पोरीच्या लग्नाचा प्रश्न आहे.

एवढ्यासाठी फोन का केला नाही म्हणशील, तर नियम माझाच आहे. पिण्याच्या दिवसांत तू फोनवर माझ्याशी इतकं खोटं बोललास की मी म्हटलं होतं, यापुढे काय ते लिहून कळव. तू तो नियम पाळलास, मग मी कसा मोडू?

माझी कंबर आहे तशीच आहे. जिन्यावरून पडले त्याला आता तीन वर्षं होतील. गोळी घेतली की हिंडती-फिरती होते.

तुझी अक्का,
बेबीनंदा


धावडा
९ जानेवारी

अक्का, जय भीम.

अक्षताची बातमी वाचून मी पत्र हातात घेऊन सगळ्या वस्तीत फिरलो. पोरगी केवढीशी होती, माझ्या खांद्यावर बसून जालन्याचा बाजार बघायची. दाजींना माझा नमस्कार सांग.

नाव पुसणार नाही.

रागावण्याआधी पुढचं वाच. मी पीत होतो तेव्हा माझं नाव सगळ्या तालुक्याला पाठ होतं. बाजाराच्या दिवशी लोक पोरांना बोट करून दाखवायचे, तो बघ हिवराळ्याचा नागसेन पडलाय. तेव्हा ते नाव पुसायला कोणी आलं नाही. आता मी शुद्धीवर आहे, दोन पायांवर उभा आहे, तर म्हणे पुसा.

आणि तू म्हणतेस तसं करून बघितलंय. पहिलं वर्षभर नुसता नंबर होता. एक फोन आला नाही. नाव लिहिलं त्याच्या पुढच्याच आठवड्यात कारभारी आला. पंधरा एकर बागायतीचा धनी, आपल्या वस्तीत जन्मात पाय ठेवला नव्हता. समाजमंदिराच्या दारात उभा राहून म्हणाला, “नुसता नंबर बघून म्या आलो नसतो. तुझं नाव बघितलं अन् म्हनलं, हा तर माझ्यापरीस वाया गेल्ता. हा सुटला तं मी का न्हाई?” आज त्याला दोन वर्षं झाली. सतरंजीवर माझ्या शेजारी बसतो. त्याच्या भावकीला ते खुपतं, पण तो येतोच.

आता आम्ही अकरा जण आहोत. बैठक सातला ठेवली, कारण हीच आमची सगळ्यांची प्यायची वेळ होती. पिऊन आला तरी बसू द्यायचं आणि उपदेश कोणी करायचा नाही, हे दोन नियम तुला सांगतो. बाकीचे येऊन बघ. मागच्या महिन्यात दोघांनी ग्रामपंचायतीत अर्ज दिला की समाजमंदिरात दारुडे जमतात. आम्ही अकराच्या अकरा पंचायतीत जाऊन उभे राहिलो आणि म्हणालो, हो, जमतो, अर्जात काही खोटं नाही. सरपंचाने तो अर्ज बाजूला ठेवून दिला.

एकदा ये, अक्का. बघितल्यावरही पुस म्हणालीस तर पुढचं बोलू.

तुझा,
नागसेन


जुना जालना
२४ जानेवारी

चि. नागसेन,

आले, बघितलं, आणि आता सांगते. अर्धी रजा टाकून, दोन एसट्या बदलून, कंबर धरत मी धावड्याला आले ती तुझी समजूत काढायला. त्याचं तू काय केलंस? मी दोन शब्द बोलणार तेवढ्यात त्या द्वारकाबाईंनी माझ्या हातात किटली दिली. म्हणे, “आज चहा तुमच्या हातचा, मॅडम.” पाहुणी आलेली बाई, तुझी थोरली बहीण, आणि अकरा माणसांचा चहा तिने करायचा? तू नुसता बघत राहिलास.

केला मी चहा. तुमचा स्टोव्ह भडकतो, कपांना कान नाहीत, हात भाजला आणि निम्मा चहा बशीत सांडला. सगळे खाली बघून प्यायले. तो तुझा कारभारी तेवढा म्हणाला, बराबर झालाय. आमच्या घरी सांडलेला चहा कुणी पाहुण्याला दिला असता तर मी तिथल्या तिथे बोलले असते.

मान्य करते, माणसं वाईट नाहीत. स्वतःबद्दल इतकं उघडं बोलणारी माणसं मी कधी पाहिली नव्हती. द्वारकाबाईंनी हातभट्टी लावता लावता आपणच कशी प्यायला सुरुवात केली ते सांगितलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण नागसेन, तुम्हाला गमावण्यासारखं काही उरलं नव्हतं म्हणून तुम्ही उघडे झालात. आमचं तसं नाही. मला वर्गात उभं राहायचं असतं. माझ्या मुलीला सासरी नांदायचं आहे.

हे सोबत आले नाहीत त्याचं तू विचारलंस. हल्ली आमचं बोलणं कमीच असतं. दुपारचे खोलीत जाऊन बसतात, कपाटाला कुलूप लावतात, किल्ली जानव्यासारखी गळ्यात. आपल्या घरात जानवं, म्हणून अक्षता त्यांना चिडवते. जाऊ दे.

१० फेब्रुवारीच्या आत नाव पुसलेलं असलं पाहिजे.

अक्का


धावडा
२९ जानेवारी

अक्का, जय भीम.

चहाचं मनाला लावून घेऊ नको. तू गेल्यावर मी द्वारकाबाईंना बोललो. म्हटलं, माझ्या बहिणीच्या हातात किटली द्यायची नव्हती, तुमची चूक झाली. त्या म्हणाल्या, “म्या चूक केली न्हाई. तू भाऊ म्हून बघून राह्यलास, म्या तशी बघतच न्हाई.” मला राग आला आणि मी विषय सोडून दिला.

मला तुझ्या पत्रातलं दुसरंच सारखं आठवतंय. ते कपाटाचं कुलूप. अक्का, मला कुलपं ओळखू येतात. मी गव्हाच्या कोठीला कुलूप लावायचो आणि घरात सांगायचो की उंदीर होतात. दाजींसारखा माणूस, त्यांच्याबद्दल असं लिहिताना हात अडतो, पण विचारतोच. दाजी घेतात का?

घेत असतील तर तू एकटी सोसू नको. मी येतो. उपदेश करणार नाही, नुसता त्यांच्याजवळ बसेन. मोठ्या घरात ते जास्त वाईट असतं, कारण तिथे माणसाला पडायलासुद्धा जागा नसते.

नावाचं उत्तर तेच आहे.

नागसेन


जुना जालना
३ फेब्रुवारी

चि. नागसेन,

तुझं पत्र पोचलं. ह्यांच्याबद्दल तू जे लिहिलंस त्यावर मी काही बोलणार नाही. घर म्हटलं की काही ना काही असतं, तू त्यात पडू नको. साखरपुड्याला पन्नासेक माणूस होईल. अक्षताला साडी घेतली, पिकल्या आंब्याच्या रंगाची. नाव तेवढं पुस. मामा म्हणून येशील तेव्हा पांढरा सदरा घाल.

अक्का


जुना जालना
७ फेब्रुवारी

चि. नागसेन,

तुझं पत्र पोचलं. ह्यांच्याबद्दल लिहिलंस त्यावर मी काही बोलणार नाही. घर म्हटलं की काही ना काही असतं, तू त्यात पडू नको. पन्नासेक माणूस होईल साखरपुड्याला. अक्षताला साडी घेतली आहे, पिकल्या आंब्याच्या रंगाची. नाव तेवढं पुस. मामा म्हणून येशील तेव्हा पांढरा सदरा घाल.

अक्का


धावडा
११ फेब्रुवारी

अक्का,

तुझी दोन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवून बसलो आहे. चार दिवसांच्या अंतराने तू मला तेच पत्र दोनदा लिहिलंस. दुसऱ्यात अक्षर ओळीवरून खाली घसरत गेलंय. तुझं अक्षर. फळ्यावर तू खडूने ओढलेली रेघ पट्टीने ओढल्यासारखी असायची.

पहिल्यांदा वाटलं, लग्नघराची धावपळ आहे, विसरली असेल. पण हे विसरणं माझ्या ओळखीचं आहे. मी एका महिन्यात तुला तीनदा आईच्या वर्षश्राद्धाचं कळवलं होतं. आपल्यात श्राद्ध कुठं असतं म्हणून तू हसली होतीस. मला पहिली दोन पत्रं लिहिल्याचं आठवतच नव्हतं.

म्हणून द्वारकाबाईंकडे गेलो आणि विचारलं, तुम्ही त्या दिवशी काय बघितलं? त्या म्हणाल्या, मॅडमनी तासाभरात पर्समधून दोनदा गोळी काढली आणि पाणी न घेता गिळली. कारभारी बोलत होता तेव्हा त्यांचे डोळे मिटले. मी तिथेच होतो. मला काही दिसलं नाही, कारण मी माझ्या अक्काकडे बघत होतो.

आता तो नियम सांगतो, जो मी तुझ्यापासून लपवला. आमच्यात ज्याचे दिवस सगळ्यांत कमी, चहा त्याच्या हातचा. नव्या माणसाचे हात कापतात, ते लपवायला त्याला जागा नसते, म्हणून त्या हातांना काम देतो. कप सांडला तरी कोणी बघायचं नाही आणि जो येईल तो चहा प्यायचा. त्या दिवशी बैठकीतलं नवं माणूस तू होतीस, हे माझ्याआधी त्या सगळ्यांना कळलं.

दाजींची मी मनातल्या मनात माफी मागितली. त्या कपाटात काय आहे ते आता कळलं. तुझ्याच गोळ्या आहेत ना?

एक हात जोडून सांगणं आहे. रागाच्या भरात गोळ्या एकदम फेकून देऊ नको, त्याने जिवावर बेतू शकतं. दाजींना घेऊन सरकारी दवाखान्यात मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे जा. ते हळूहळू कमी करतात. मी बाहेर बाकड्यावर बसेन.

तुझा,
नागसेन


जुना जालना
१३ फेब्रुवारी

नागसेन,

माझ्या गोळ्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या आहेत. मी शिक्षिका आहे. तुमच्या सतरंजीवरची बाई नाही. साखरपुड्याला येऊ नकोस.

बेबीनंदा


धावडा
१९ फेब्रुवारी

अक्का, नको म्हणालीस म्हणून आलो नाही. पांढरा सदरा घालून घरीच बसलो होतो. आज बुधवार. तुझ्यासाठी एक जागा ठेवून बसलो. दर बुधवारी लिहीन, उत्तर दे नाहीतर नको देऊ.

नागसेन


धावडा
५ मार्च

अक्का, मागच्या बुधवारचं पत्र पोचलं असेल. तू आम्हाला तुझ्यापेक्षा हलकं समजलीस याचा राग आला होता, तो मी बैठकीत बोलून टाकला. आता राहिला नाही. द्वारकाबाई विचारतात, मॅडम कशा आहेत. मी सांगतो, माहीत नाही.

नागसेन


जुना जालना
२० मार्च

चि. नागसेन,
जय भीम.

तुझी चारही बुधवारची पत्रं माझ्याजवळ आहेत. आज मीच लिहिते आहे आणि लिहून झाल्यावर ह्यांच्याकडून वाचून घेणार आहे, म्हणजे तेच ते लिहिलेलं नाही याची खात्री होईल.

साखरपुड्यात काय झालं ते तुला अक्षताने कळवलं की नाही, मला माहीत नाही. सकाळपासून मी चार गोळ्या घेतल्या होत्या. अण्णासाहेब चार शब्द बोलायला उभे राहिले आणि मी खुर्चीवर बसल्या बसल्या झोपले. मांडीवरचं पेढ्यांचं ताट खाली पडलं तेव्हा जाग आली. पेढे गोळा करायला वाकले तर उठता येईना. मागच्या रांगेतली एक बाई हळू आवाजात म्हणाली, “बाई घेऊन आल्यात जनू.” तुझ्याबद्दल हेच शब्द मी वीस वर्षं ऐकले होते. हे पुढे झाले आणि म्हणाले, बीपी वाढलंय. सगळ्यांनी मान डोलावली.

त्या बीपीच्या आड मी आठ दिवस काढले. मग दहावीच्या परीक्षेत माझ्या हातून बैठक क्रमांकाचे कागद उलटेपालटे वाटले गेले. आमच्या शाळेतल्या मीना मॅडमनी पटकन सावरलं म्हणून मुलांचं नुकसान झालं नाही. घरी आले आणि ह्यांच्यासमोर पर्स उलटी केली. कपाटातल्या गोळ्यांना ह्यांनी कुलूप लावलं, म्हणून मी तीन वेगवेगळ्या मेडिकलमधून आणत होते. ह्यांनी गळ्यातली किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि रडले. मी त्यांना तीस वर्षांत रडताना पाहिलं नव्हतं.

आणि नागसेन, ज्या माणसाने मला वाचवायला कपाट बंद केलं, त्याला तू दारुडा समजलास आणि मी समजू दिलं. ‘घर म्हटलं की काही ना काही असतं’ हे मी शुद्धीत लिहिलं होतं, पहिल्यांदा तरी. याची मला सगळ्यांत जास्त लाज वाटते. ते मी त्यांना सांगितलं आहे.

२८ फेब्रुवारीला सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टर बाई तरुण आहेत, मला मॅडम म्हणतात आणि ऐकून मात्र घेत नाहीत. दर आठवड्याला थोडी थोडी कमी करतात. अंग मोडून येतं, घाम फुटतो, अक्षतावर ओरडते. शाळेत सांगितलं. पर्यवेक्षणातून माझं नाव काढलं, काढू देत.

आता मूळ गोष्ट. रविवारी अण्णासाहेब आले. कुणाकडून तरी त्यांच्या कानावर गेलं होतं. फार गोड बोलले. म्हणाले, झालं ते झालं, लोकांना आपण बीपीच सांगू, दवाखाना जालन्याऐवजी संभाजीनगरचा करा, आणि तुमच्या भावाचं तेवढं त्या पत्र्यावरून पुसून घ्या. लग्न ठरल्याप्रमाणे मे महिन्यात करू. महिन्यापूर्वी हेच मी तुझ्याकडे मागत होते, म्हणून मला त्यांचा रागही नीट येईना. मी अक्षताकडे बघितलं. ती म्हणाली, “आई, जिथं तुझं आजारपण लपवायचं, तिथं मी रोज काय काय लपवत बसू?”

मग मी अण्णासाहेबांना म्हणाले, “सोयरीक मोडायची तर मोडा. पण कारण खरं सांगा. मुलीची आई गोळ्या खायची आणि तिने ते स्वतः सांगितलं, असं सांगा. खोटं कारण सांगितलंत तर मी भोकरदनला येऊन खरं सांगेन.” ते उठून गेले. अजून निरोप नाही.

पुढच्या बुधवारी मी धावड्याला येते आहे. चहा मीच करेन, पण तो स्टोव्ह आधी दुरुस्त कर.

तुझी अक्का


धावडा
२७ मार्च

अक्का, जय भीम.

काल तू गेल्यावर कोणी उठेचना. कारभारी म्हणाला, मॅडम बोलत व्हत्या तव्हा मला शाळंत बसल्यावानी वाटलं, अन् पहिल्यांदाच शाळा आवडली. द्वारकाबाईंनी तुझा कप सगळ्यांत आधी उचलला, तू बघितलंस की नाही माहीत नाही.

सोयरीक राहिली तर आनंद आहे. मोडली तर मी अक्षतासमोर कसा उभा राहू, हा विचार मात्र मला सोडत नाही. पत्र्यावरच्या एका नावापायी पोरीचं लग्न जात असेल तर माझा हट्ट बरोबर होता का? चार वर्षांत पहिल्यांदा काल घरी जाताना पाय दुसऱ्या रस्त्याला वळले. वळले आणि परत आले. कारभारीच्या घरी जाऊन त्याला सांगितलं. तुलाही सांगतो, कारण आता तू आमच्यातली आहेस.

नागसेन


जुना जालना
१४ मे

चि. नागसेन,
जय भीम.

तू सोमवारी भोकरदनला नव्हतास, म्हणून सगळं क्रमाने लिहिते.

एप्रिलमध्ये अण्णासाहेबांनी सोयरीक मोडली हे तुला ठाऊक आहे. मुलाने अक्षताला एका ओळीचा मेसेज केला की बाबा म्हणतील तसं. ती दोन दिवस जेवली नाही आणि तिसऱ्या दिवशी कामावर गेली. ते दुःख मला जमेल तसं मी पोटात घातलं असतं. पण मागच्या आठवड्यात मीना मॅडमच्या नात्यातून कळलं की भोकरदनला त्यांनी वेगळंच सांगितलंय. मुलगी फार सावळी, मुलाच्या मनातच भरली नाही, असं. पहिल्या भेटीत पसंत केलेली माझी मुलगी. माझं झाकायला, की त्यांच्या घराचं झाकायला कोण जाणे, त्यांनी तिचा रंग पुढे केला.

त्यांना मी शब्द दिला होता. बुद्धपौर्णिमेला भोकरदनच्या विहारात सगळा समाज जमतो, म्हणून तोच दिवस धरला. हे म्हणाले, मी येतो. अक्षता म्हणाली, मी पुढच्या रांगेत बसणार. आणि तू कारण आहेस असं समजून कुढत बसला आहेस म्हणून तिने तुझ्यासाठी निरोप दिलाय. “मामानं नाव पुसलं असतं तं मी त्याच्याशी बोलले नसते.” तिच्याच शब्दांत लिहिला आहे.

वंदना झाली, भाषणं झाली. मी आयोजकांकडे दोन मिनिटं मागितली. शिक्षिका म्हटल्यावर माइक लगेच मिळतो. समोर तीनशे माणूस असेल. अण्णासाहेब दुसऱ्या रांगेत होते. मी माइकची दांडी धरली.

मी म्हणाले, “मी बेबीनंदा, धावड्याच्या हिवराळ्यांची मुलगी. स्टँडसमोर ज्याचं नाव लिहिलंय तो नागसेन माझा सख्खा भाऊ. त्याची दारू सुटली. मला गोळ्यांचं व्यसन लागलं, तीन वर्षं होतं. भर साखरपुड्यात मी झोपले ते बीपीने नाही. डॉक्टरांच्या हाताखाली गोळ्या कमी करते आहे, अजून अर्धी गोळी उरली आहे. माझ्या मुलीचं लग्न माझ्यामुळे मोडलं. तिच्या रंगामुळे नाही. ज्यांना दुसरं काही सांगितलं असेल त्यांनी हे ऐकून घ्यावं.”

त्यांचं नाव मी घेतलं नाही, फक्त माझं घेतलं. तरीही अर्ध्या माना दुसऱ्या रांगेकडे वळल्या. अण्णासाहेब खाली बघत होते. मला त्यांची दया आली, हे तुला खरं वाटणार नाही.

टाळ्या वगैरे काही नाही. आयोजकांनी घाईघाईने माइक घेतला आणि खीर तयार आहे म्हणून सांगितलं. लोक उठले, आमच्या बाजूने वाट काढून जाऊ लागले, जसे बाजारात तुझ्या बाजूने जायचे. दोन-तीन ओळखीच्या बायांनी तोंड फिरवलं. मला वाटलं होतं मी मोडून पडेन. उलट वाटलं की यांच्याकडे आता माझ्याबद्दल कुजबुजायला काही उरलंच नाही, सगळं मीच सांगून टाकलंय. अक्षता माझ्या एका बाजूला होती, हे दुसऱ्या.

तेवढ्यात एक बाई आली. पस्तिशीची असेल, पदर तोंडावर ओढलेला. हळूच म्हणाली, मॅडम, गोळ्यांचा दवाखाना कोणता, आणि दारूला पण तोच चालतो का. मी सांगितलं. म्हटलं, नवऱ्यासाठी हवंय का? तिने मान हलवली, नाही म्हणून. कुणासाठी ते मी पुन्हा विचारलं नाही. तिचा हात हातात घेतला, तो थरथरत होता. तिच्या मागे तिची जाऊ का नणंद उभी होती आणि चल म्हणून पदर ओढत होती. खिरीच्या रांगेतले लोक बघत होते.

मी म्हणाले, घाई नाही, तुमचं नाव आज सांगितलं नाही तरी चालेल. धावड्याला बुधवारी या, किंवा जालन्याला माझ्या घरी या, नाव न सांगता बसा.

तिने पदर तोंडावरून खाली केला. पदर ओढणारा हात झटकला आणि खिरीच्या रांगेकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, “माझं नाव कौसल्या हाय.”

तुझी अक्का,
बेबीनंदा